बुंदी आत गेली कशी?

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक इमारत डोळ्यांपुढे आणा. चार मजल्यांची, पिवळा रंग उडालेली. तुम्ही जन्मापासून तिथेच राहिलेले आहात. कुठल्या पायरीचा कोपरा तुटलाय, कुणाच्या घरातून सुकट भाजल्याचा वास येतो, कुणाची बेल दोनदा दाबली तरच वाजते, सगळं तुम्हाला पाठ आहे. आता त्या इमारतीतली माणसं काढून टाका. दिवे काढा, नळाचं पाणी काढा, गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढा. फाटकाला साखळी घाला आणि भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहा, 'धोकादायक इमारत. आत जाऊ नये.' झालं? मग आता कान द्या. त्या सुनसान इमारतीतून, वरून कुठून तरी, तुमच्या मांजरीचा आवाज येतोय.

अंबरनाथ पूर्वेच्या अस्मिताला यातलं काहीच डोळे मिटून आणावं लागलं नाही. ती त्या फाटकाबाहेर डोळे टक्क उघडे ठेवून उभी होती.

अस्मिता नुकतीच सहावीत गेली होती. मांजरीचं नाव बुंदी. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके असे, की कुणी तिच्यावर बुंदीचा डबाच उपडा केलाय असं वाटावं. जिन्यातल्या छताचा तुकडा पडल्यावर नोटीस आली आणि इमारतीतल्या सगळ्यांना बाहेर पडावं लागलं. अस्मिताची माणसं बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेली. माणसं जातात सामानाच्या मागोमाग. मांजरीचा जीव मात्र जागेत अडकलेला असतो. बुंदी नव्या खोलीत पलंगाखाली फुरंगटून बसली, दुधाला तोंड लावेना, आणि एका सकाळी दिसेनाशी झाली.

अस्मिता आणि तिचे पप्पा राजरत्न यांनी बुवापाड्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पप्पा दिवसभर कारखान्यात फिटरचं काम करून आलेले, तरी उभ्या केलेल्या रिक्षांखाली वाकून वाकून 'बुंदे, ए बुंदे' करत होते. शेवटी आज सुट्टीच्या दिवशी अस्मिताला सुचलं, जुन्या घरी तर गेली नसेल? आणि खरंच, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, जाळीला ठोकलेल्या प्लायवूडच्या फटीतून दोन हिरवे डोळे आणि एक केशरी ठिपका दिसला.

"पप्पा! ती बघा! बुंदी!"

पप्पांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. पण अस्मिताला वाटलं, पप्पा दचकले.

ती गॅलरी हरिकाकांची होती. अस्मिताच्या जुन्या घराला लागूनच त्यांचं घर, दाराशेजारी दार. हरिचंद्र काका आता बदलापूरला, हेंद्रेपाड्यात लेकीकडे राहत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घर रिकामं करून निघताना प्रत्येकानं आपापल्या दाराला स्वतःचं रोजचंच कुलूप ठोकलं होतं. आत काय होतं? धूळ. तरी कुलूप हवंच, कारण कुलूप म्हणजे 'हे घर माझं आहे' असं दारावर सांगून ठेवणं. बिल्डर इथं नवी इमारत बांधणार होता. त्याआधी त्याची माणसं येऊन एकेक घर टेपनं मोजणार होती, आणि ज्याचं जुनं घर जेवढं, त्या हिशेबानं त्याला नवं मिळणार होतं.

हे कळलं मात्र, आणि इमारतीची हवाच फिरली. काल एकमेकांच्या घरात वाटी घेऊन अनवाणी शिरणारी माणसं आज एकमेकांच्या भिंतींकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली. कोण गॅलरी आत घेतोय, कोण मोरी पुढे सरकवतोय, हेच बोलणं. त्यात हरिकाकांवर सगळ्यांचा डोळा. घर सोडायच्या दिवशी त्यांच्याकडून हातोडीचा ठोकठोक आवाज आला होता. नंतर त्यांनी गॅलरी प्लायवूड ठोकून बंद केली. बस्स. लोक म्हणाले, हरिभाऊंनी गॅलरीची भिंत पाडली आणि खोली मोठी केली. आत जाऊन कुणी पाहिलं नव्हतं. पण सांगताना सगळे असं सांगायचे, जणू विटा त्यांनी स्वतःच उचलल्या.

अस्मिताची हाक ऐकून समोरच्या चाळीतून माधवी काकू आल्या. त्या उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर होत्या आणि त्याही याच इमारतीतल्या, इथल्या कमिटीत होत्या. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी गॅलरीकडे पाहिलं.

"अगं बाई, खरंच की. पण काय गं अस्मिता, ही आत गेली कशी?"

खरंच, कशी?

"दाराला कुलूप. गॅलरीला जाळी, जाळीवर प्लाय," माधवी काकू बोटांवर मोजत म्हणाल्या. "कुलूप लागलं तेव्हा बुंदी तुमच्याबरोबर बुवापाड्यात होती. आता ती आत आहे. मधे कुणीतरी दार उघडलं असणार. मांजर काय चावी लावून आत गेली?"

"हरिकाकांनी उघडलं असेल?" अस्मितानं हळूच विचारलं.

"दुसरं कोण? चोरून येतोय तो. आत फोडाफोडी चाललीय, मी तुला लिहून देते."

"जाऊ द्या ना, माधवीताई," पप्पा घाईनं म्हणाले. "मी संध्याकाळी येऊन बघतो काय ते. अस्मी, चल घरी."

"घरी? पप्पा, ती ओरडतेय!"

"मांजर आहे ती. येईल बाहेर."

"कुठून येईल?"

वरून पुन्हा आवाज आला. पहिल्यापेक्षा बारीक. मे महिन्याचं ऊन, बंद खोली, प्यायला थेंबभर पाणी नाही.

"फायर ब्रिगेडला फोन लावते," काकू म्हणाल्या.

"नको नको, त्यांना कशाला! कुलूप तोडतील, मग हरिभाऊ बोंब मारतील."

अस्मितानं पप्पांकडे पाहिलं. रस्त्यात पडलेल्या पाखरालासुद्धा उचलून सावलीत ठेवणारा हा माणूस आज असा का बोलतोय?

"बरं, मग त्यालाच लावते," म्हणत काकूंनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "हरिभाऊ, माधवी बोलतेय. तुमच्या घरात मांजर अडकलीय. अस्मिताची बुंदी."

"मांजर?" पलीकडून हरिकाकांचा खरखरीत आवाज आला. "माझ्या घरात? ओ ताई, कुलूप लावल्यापासून मी त्या दाराकडं फिरकलो नाय. मांजर काय भिंतीतून गेली?"

"तेच विचारतोय आम्ही."

मग हरिकाका एकेक शब्द तोलत म्हणाले, "माझ्या कुलपाला कुणी हात लावायचा नाय. मी येतो."

काका येईपर्यंत अस्मिता गॅलरीखाली उभी राहून बुंदीशी बोलत राहिली. मनात मात्र भलतंच चाललं होतं. याच हरिकाकांनी बुंदीला कितीदा बोंबलाची डोकी घातली होती. त्यांनी तिला मुद्दाम कोंडलं असेल? की चोरून आले, काम उरकलं, आणि पायात घुटमळणारी मांजर दिसलीच नाही? एकदा संशय घेतला की जुन्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागतात. काका प्लायवूड ठोकताना तिला म्हणाले होते, 'लांब राहा गं पोरी, खिळा उडंल.' आता तिला वाटलं, ते आत काही दिसू नये म्हणूनच असणार.

हरिकाका रिक्षातून उतरले. एरवी पप्पांना लांबूनच हात वर करून 'जय भीम, भाऊ' म्हणणारे काका आज नुसते खाकरले. पप्पाही 'रामराम' म्हणाले नाहीत.

फाटकाच्या साखळीची चावी प्रत्येक घराकडे एकेक होती. माधवी काकूंनी आपली काढली.

"तू खालीच थांब," पप्पा अस्मिताला म्हणाले.

"येऊ दे तिला," हरिकाका म्हणाले. "घाबरलेलं मांजर तुमच्या-माझ्या हाताला लागायचं नाय. भिंतीला धरून चाल पोरी. मधे पाय टाकू नको."

मुलांनो, अशा इमारतीत मोठ्या माणसाशिवाय कधी पाऊल टाकायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. अस्मिताही एकटी असती तर फाटकाबाहेरच थांबली असती. जिन्याखाली लोखंडी टेकू लावलेले होते. चौघं एकामागून एक, भिंतीला पाठ घासत वर चढली. प्रत्येक मजल्यावर कुलपंच कुलपं, आणि सगळ्यांवर सिमेंटची पांढरी धूळ.

दुसऱ्या मजल्यावर हरिकाकांनी चावी काढली. पण कुलपाला लावली नाही. मुठीत धरून ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आधी मला सांगा, आत कोण आलतं?"

"आम्ही काय सांगणार? घर तुमचं, चावी तुमची," माधवी काकू म्हणाल्या.

"मी नाय आलो. मग कोण आला? मी आता उघडलं, आत काय तोडलेलं-फोडलेलं निघालं, की तुम्ही म्हणणार हरिचंद्रनं केलं. मापणी तोंडावर आलीय. मला येडा समजू नका."

"उघडायला घाबरताय कशाला मग? भिंत जागेवर असली तर भीती कसली?"

"कसली भिंत?"

"ती हातोडी काय सत्यनारायणाला वाजत होती?"

"अच्छा!" हरिकाकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे असं आहे होय! मांजरीचं निमित्त करून माझं घर बघायचंय. बोलवा पोलिसांना. त्यांच्यासमोर उघडतो. तोवर हे दार बंद."

"काका, ती तहानलीय," अस्मिता म्हणाली. पण मोठ्यांचे आवाज इतके चढले होते, की तिचं बोलणं त्यांच्या पायातच पडलं.

ती काकांच्या बाजूनं वाकली आणि दाराशी बसली. "बुंदे, मी आलेय गं." आतून दारावर नख्या घासल्या. एकदा. पुन्हा एकदा. मग काहीच नाही. तिनं कान लावला. हाक मारली. आत अगदी शांत.

आणि तेव्हाच, बसल्या जागी, तिच्या डोळ्यांसमोर ते कुलूप आलं. बाकीच्या दारांवरची कुलपं धुळीनं पांढरी पडलेली. हे मात्र काळंभोर चमकत होतं. चावीच्या भोकाखाली तेलाचा एक ओघळ, आणि त्याला चिकटलेला कापसाच्या धाग्यांचा पुंजका.

अस्मिताला तो पुंजका चांगला ठाऊक होता. कारखान्यात यंत्रं पुसायला असा धाग्यांचा गुंता मिळतो. पप्पांच्या प्रत्येक पँटच्या खिशात तो सापडायचा आणि धुताना मम्मी वैतागायची. कुठलंही कुलूप उघडायच्या आधी पप्पा त्यात तेलाचा थेंब सोडायचे, मग पुसायचे, मग चावी फिरवायचे. घाई असो, पाहुणे दारात उभे असोत. इमारतीत यावरून त्यांची चेष्टा व्हायची.

पण हरिकाकांच्या दाराची चावी पप्पांकडे कुठून आली? ते आठवायला तिला वेळ लागला नाही. काका गावी जायचे तेव्हा त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी कोण घालायचं? अस्मिताच. त्यासाठी काकांची दुसरी चावी वर्षानुवर्षं अस्मिताच्या घरी होती. शेजाऱ्याची एक चावी शेजाऱ्याकडे, तशी सगळ्यांचीच असायची. सामान हलवताना ती परत द्यायची राहून गेली होती.

म्हणजे इतका वेळ ती चुकीच्या माणसाकडे संशयानं बघत होती. ती उठली आणि पप्पांचा हात धरून त्यांना जिन्याच्या वळणावर घेऊन गेली.

"पप्पा, कुलपाला तेल तुम्ही घातलंत."

पप्पांचा हात आपसूक पँटच्या खिशाकडे गेला.

"बुंदी तुमच्या मागून आत गेली ना?"

"मला दिसलीच नाही गं," पप्पा अगदी हळू म्हणाले. "काल रात्री कामावरून येताना आलो होतो, आत अंधार होता. ती आपल्या दारात बसली असणार. मी दोन मिनिटांत भिंत बघून बाहेर आलो, कुलूप लावलं. आईशप्पथ, मघाशी खालून दिसली तेव्हा कळलं."

"मग सांगा ना काकांना."

"आत्ता गप्प राहा. माधवीताईसमोर नको. सगळे जाऊ देत, संध्याकाळी मी येऊन काढतो तिला."

"आणि पोलीस आले तर? आणि संध्याकाळपर्यंत…" तिनं वर दाराकडे बोट दाखवलं. "पप्पा, तिचा आवाज बंद झालाय."

पप्पांनी मान खाली घातली. त्यांना बुंदीची काळजी नव्हती असं नाही. पण इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याच्या घरात आपण चोरासारखे शिरलो, हे त्या शेजाऱ्याच्या तोंडावर सांगायचं, तर जीभच उचलत नव्हती. मोठ्या माणसांचंही असं होतं.

अस्मिता थोडी थांबली. मग एकटीच वर आली. वर भांडण ऐन रंगात होतं. काकू फोन हातात घेऊन नंबर शोधत होत्या. अस्मिता दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"हरिकाका, तुम्ही नाही उघडलं. मला माहितीये."

दोघंही तिच्याकडे वळले.

"तुला काय माहीत?" काकूंनी विचारलं.

अस्मितानं कुलपाखाली बोट लावलं आणि ते बोट काकांपुढे धरलं. काळं, तेलकट, वर धाग्याची एक लव.

हरिकाकांनी बोटाकडे पाहिलं. मग कुलपाकडे. मग फार हळू मान वळवून जिन्याकडे. तिथं पप्पा येऊन उभे राहिले होते.

"राजरत्न?"

"हो, हरिभाऊ," पप्पा म्हणाले. "मीच. तुमची चावी होती आमच्याकडे. सगळे म्हणत होते तुम्ही भिंत पाडली. म्हटलं एकदा डोळ्यांनी बघावं. चुकलं माझं."

माधवी काकूंचा फोन हातातच राहिला. हरिकाका मागे वळले आणि त्यांनी चावी लावली. तेल घातलेलं कुलूप आवाज न करता उघडलं.

आत कोंदट उकाडा होता. गॅलरीची भिंत होती तिथेच होती, उघड्या दारासकट. माधवी काकूंचे डोळे आपसूक तिकडेच गेले, आणि मग दुसऱ्या भिंतीवर, जिथं देव्हाऱ्याएवढा चौकोन खरवडल्यासारखा पांढरा पडला होता.

"ती हातोडी," हरिकाका तिकडे न बघताच म्हणाले. "संगमरवरी देव्हारा. भिंतीतून निघता निघत नव्हता."

अस्मिताला भिंतीशी काही घेणं नव्हतं. ती ओट्याखाली पालथी पडून हाका मारत होती. बुंदी अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, जिभेचं टोक बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. अस्मितानं खांद्याला लटकवलेल्या पाण्याच्या बाटलीचं टोपण उघडलं, त्यात पाणी ओतलं आणि ते हळूच पुढे सरकवलं. बुंदी हललीच नाही. मग नाक हललं. मग मान लांब झाली, आणि लपलप असा आवाज आला. टोपण रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. सगळ्यांनी श्वास रोखून तो आवाज ऐकला. थोड्या वेळानं बुंदी आपणहून सरपटत आली आणि अस्मिताच्या फ्रॉकला नख्या रोवून बसली.

"वाचली," पप्पा म्हणाले.

हरिकाकांनी दाराला पुन्हा कुलूप लावलं. पप्पांनी दुसरी चावी पुढे केली. काकांनी ती घेतली आणि खिशात टाकली.

"विचारलं असतंस तर मीच हात धरून दाखवली असती भिंत," ते म्हणाले. "सामान हलवताना तुझ्याकडूनही ठाकठूक ऐकू येत होती की. मी आलो का रे कधी चोरून बघायला?"

माधवी काकू पदरानं उगाच घाम पुसत राहिल्या. सगळे जिन्याकडे वळले, पण पाय कुणाचाच उचलेना. आता खाली उतरलं की तीन दिशांना तीन घरची माणसं जाणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

तेवढ्यात अस्मितानं बुंदीला एका खांद्यावर घेतलं. मोकळा हात पप्पांपुढे पसरला आणि बोटं हलवली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग न विचारताच चाव्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. ती शेजारच्या दाराशी गेली, आपल्या घराच्या. धुळीनं भरलेल्या कुलपात चावी घातली, जोर लावून फिरवली, कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडून म्हणाली,

"काका, या. आमचंही बघून घ्या."